जागच्या जागी

१

वेधशाळेतल्या त्या यंत्राचं कागदोपत्री नाव एवढं लांबलचक होतं की ते पुरतं उच्चारेपर्यंत चहा गार व्हायचा. म्हणून सगळे त्याला ‘खटक्या’ म्हणत. आणि खटक्यापुढे उभी हयात बसून काढलेल्या माणसाला ‘घारूकाका’. घारीची नजर म्हणून घारू, आणि त्याच खोलीत केस पांढरे झाले म्हणून काका. बढती अशी त्यांना तेवढीच मिळाली.

काम सांगायला सोपं होतं. आकाशाच्या एकाच तुकड्याचे, काही रात्रींच्या अंतराने काचेवर घेतलेले दोन फोटो. दोन्ही काचा खटक्यात शेजारी बसवायच्या, तारे ताऱ्यांवर तंतोतंत जुळवायचे आणि भिंगाला डोळा लावायचा. आत एक झडप हले. खट्, ही काच. खट्, ती काच. तारे जागचे हलत नाहीत, त्यामुळे चित्र एकच वाटे. पण सांडलेल्या मिठासारख्या त्या हजारो ठिपक्यांत एखादा ठिपका टुणकन उडी मारी. तो तारा नव्हे. तो आपल्याच सूर्याच्या गोतावळ्यातला, एखादा लघुग्रह, गुपचूप वाट चालणारा.

किंवा मग धूळ. काचेवर धूळ बसते, ओरखडे पडतात, आणि धुळीलाही उडी मारायची हौस असते. म्हणून वेधशाळेत एक म्हण होती. ती अंधारखोलीत काचा धुणाऱ्या काळोख्याने पाडली होती, असं काळोख्याचंच म्हणणं होतं: ‘दोनदा दिसली ती धूळ, तिसऱ्यांदा दिसला तो ग्रह.’ तिसरी काच येईपर्यंत कुणी आनंदाने टाळी वाजवायची नाही, असा दंडक होता.

दुपारी जेवायला घारूकाका घरी येत. वेधशाळेच्या आवारातच क्वार्टर होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि मागच्या बाजूला तिसरी छोटी खोली. ती पिटूची.

पिटू म्हणजे पिटुकली. जन्मली तेव्हा तळहातावर मावेल एवढी होती, म्हणून. पुढे ती आईच्या डोक्याच्या वर गेली, तरी नाव काही वाढलं नाही. मग एका वर्षी तिच्या अंगातलं बळ पायांपासून वर विझत चाललं, आणि शेवटची दोन वर्षं ती त्या मागच्या खोलीत खिडकीलगतच्या पलंगावर पडून होती. संध्याकाळी घारूकाका वेताची खुर्ची ओढून तिच्याजवळ बसत, आणि ती उजवा हात तेवढा खुर्चीच्या हातावर आणून ठेवी. तेवढाच हात हलत होता.

“बाबा, दिवसभर त्या भिंगात काय शोधता हो तुम्ही?”

“जे हललं ते.”

“आणि जे हलत नाही ते?”

“ते शोधायला कशाला हवं? ते असतंच.”

पिटूने जरा विचार केला आणि ती हसली. “म्हणजे तुमच्या खटक्यात मी कधीच सापडणार नाही.”

“तुला शोधायचंय कशाला वेडे? तू इथेच तर आहेस.”

“हां. मी कुठे जातेय!”

दिलेला शब्द मोडायची तिला सवय नव्हती. एवढ्या एका बाबतीत मोडला, असं घारूकाका नंतर स्वतःशी म्हणत. त्याला आता वर्ष झालं होतं.

२

घरात त्या खोलीविषयी कुणी काही बोलत नसे. काकू रोज सकाळी आत जाऊन केर काढत, चादर झटकून ताणून घालत आणि दार लोटून बाहेर येत. हल्ली त्यांना वेळ फार लागे.

“एक चादर घालायला एवढा वेळ?” घारूकाका बाहेरून ओरडत. “तेवढ्यात आमच्याकडे अख्खं आकाश घालून होतं!”

“तुमच्या आकाशाला सुरकुत्या पडत नाहीत,” काकू आतून म्हणत.

त्या दिवशी जेवताना काकूंनी ताटावरची नजर न उचलता विचारलं, “एक विचारू? रागावणार नाही ना?”

“रागवायला निवृत्तीनंतर वेळच वेळ आहे. विचार.”

“तुम्ही दुपारी जाऊन तिच्या पलंगावर आडवे होता का?”

घारूकाकांचा घास हातातच राहिला. कारण हाच प्रश्न गेले कित्येक दिवस त्यांच्या घशाशी येऊन परत जात होता. ते संध्याकाळी परतले की सहज त्या खोलीत डोकावत, आणि सकाळी काकूंनी ताणून घातलेल्या चादरीवर त्यांना एक खळगा दिसे. माणूस कुशीवर निजून उठल्यावर पडतो तसा. उशीवर छोटा, खाली लांबट, मोठा. ते समजत, ही येऊन पडत असेल. एकटी असते, रडत असेल. विचारून उगाच जखमेवरची खपली कशाला काढा.

“मला वाटलं तू,” ते म्हणाले.

काकूंनी मान वर केली. “मला वाटलं तुम्ही.”

मग बराच वेळ दोघंही आमटीत काहीतरी पडल्यासारखी वाटीकडे बघत राहिली.

पहिला विचार अर्थातच मांजराचा. सगळ्या घरांतली सगळी न सुटलेली कोडी मांजरावर ढकलायची सोय देवाने करून ठेवली आहे. पण खिडकी बंद, दार लोटलेलं, आणि मांजर उशीवर डोकं ठेवून निजत नाही. दुसरा विचार कापसाचा. गादी जुनी आहे, दोन वर्षं एकाच जागी भार सोसलेली, कापूस दबलेला. सकाळी ताणून घातलं तरी दिवसभरात बसत असेल. हे कारण घारूकाकांना फार आवडलं. त्यांनी ते काकूंना दोनदा सांगितलं आणि स्वतःला त्याहून जास्त वेळा.

संध्याकाळी ते दारात उभे राहिले आणि त्यांनी पलंगाकडे खटक्यात बघतात तसं, पापणी न हलवता बघितलं. उभ्या जन्मात त्यांनी तेवढं एकच शिकून घेतलं होतं, आणि आता ते न येतं तर बरं, असं त्यांना वाटलं.

कापूस दबतो तो जागच्या जागी दबतो. हा खळगा पूर्वी गादीच्या मधोमध होता. आता तो खिडकीकडे सरकला होता.

३

वेधशाळेत त्याच आठवड्यात आनंदीआनंद होता. घारूकाकांनी टिपलेल्या एका ठिपक्याने मोठ्या बाईंची झोप उडवली होती. मोठ्या बाई म्हणजे तिथल्या मुख्य शास्त्रज्ञ. वयाने सगळ्यांत लहान, म्हणून मोठ्या बाई. त्या धावत खटक्याच्या खोलीत आल्या.

“घारूकाका, उडी किती छोटी आहे पाहिलीत?”

“पाहिली म्हणून तर खूण केली. माझ्या जागी दुसरा असता तर धूळ म्हणून पुसली असती.”

“नेहमीचे लघुग्रह एवढ्या अंतरात केवढे लांब जातात! हा जेमतेम सरकलाय. म्हणजे तो किती दूर असेल! आजवर धरलेल्या सगळ्यांच्या पलीकडे. सूर्यमालेच्या पार वेशीबाहेर.”

“तिसरी काच आली का?”

“ढग आहेत.”

“मग धूळ,” घारूकाका म्हणाले. बाईंचा चेहरा उतरला, तशी त्यांनी पुस्ती जोडली, “तूर्तास.”

बाई गेल्यावर ते स्टुलावर बसून राहिले. हा त्यांच्या कामाचा शेवटचा हंगाम होता. महिनाअखेरीला निवृत्ती. त्यांच्या जागी एक संगणक येणार होता, ज्याला क्वार्टर लागत नाही. क्वार्टर रिकामं करून दोघांनी दूरच्या गावी मेव्हणीकडे जायचं, असं ठरलं होतं. खरं म्हणजे काकूंनी ठरवलं होतं आणि घारूकाकांनी विरोध केला नव्हता. ‘भिंती खायला उठतात’ असं काकू म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

पण आता घारूकाकांच्या मनात एक कुसळ शिरलं होतं. खोलीत काहीच नसेल तर निघायला हरकत नाही. पण असेल तर? दोन वर्षं जिला एक मिनिट एकटी ठेवली नाही, तिला कुलूप घालून मेव्हणीकडे निघून जायचं?

आणि हे ठरवायची त्यांना येत होती अशी एकच रीत होती.

ते अंधारखोलीत गेले. तांबड्या दिव्याखाली काळोख्या ट्रे हलवत उभा होता.

“काचा हव्यात. तीन. आणि अडगळीतला तो जुना कॅमेरा, तिकाटण्यासकट.”

“घरगुती समारंभ आहे का?”

“खोलीचे फोटो काढायचेत. सोडून जायचंय ना आता.”

काळोख्याच्या जिभेवर एक विनोद आला होता, तो त्याने गिळला. तिकाटण्यावरची धूळ त्याने स्वतःच्या बाहीने पुसली. “धुवायला मलाच आणून द्या,” एवढंच म्हणाला.

४

घारूकाकांनी पिटूच्या खोलीच्या दारात फरशीवर लाल रंगाचे तीन ठिपके काढले आणि त्यांवर तिकाटण्याचे पाय रोवले. भर दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, खिडकीतून स्वच्छ ऊन आलेलं असताना पहिली काच घेतली. चार-पाच दिवसांनी त्याच जागेवरून, त्याच उन्हात दुसरी. काकू मागे उभ्या होत्या.

“तिचं लग्न असतं तरी तुम्ही एवढे फोटो काढले नसते,” त्या म्हणाल्या. म्हणून झाल्यावर त्यांनीच पदराचं टोक तोंडाला लावलं.

काळोख्याने काचा धुऊन, वाळवून, कागदात गुंडाळून आणून दिल्या. तो काही बोलला नाही, हेच विशेष. सगळे जेवायला गेल्यावर घारूकाकांनी त्या खटक्यात बसवल्या. तारे जुळवायचे तशा भिंती जुळवल्या. खिडकीची चौकट चौकटीवर, पलंगाचा पाय पायावर, वेताच्या खुर्चीची पाठ पाठीवर. सवयीचा हात, चटकन जुळलं.

खट्. खट्. खट्.

खोली निश्चल होती. चौकट, पडदा, खुर्ची, कोपऱ्यातलं औषधांचं रिकामं कपाट, सगळं दगडासारखं. आणि पलंगावर तो खळगा, उशीवरचा छोटा आणि खालचा मोठा, दोन्ही मिळून, खिडकीच्या भिंतीकडे आणि परत, भिंतीकडे आणि परत, उडी मारत होता.

घारूकाकांनी भिंगावरून डोळा बाजूला घेतला. खोलीत कुणी नव्हतं. झडप आपली वाजतच होती. आयुष्यभर जो आवाज त्यांना ऐकूच येत नसे, तो आता कुणीतरी दार वाजवल्यासारखा वाटला. त्यांनी खटका दाबून तो बंद केला.

घरी येऊन त्यांनी काकूंना सांगितलं. लपवणार तरी किती? सगळं ऐकून काकू म्हणाल्या, “सरकतेय म्हणता?”

“दोनदा दिसलं. दोनदा म्हणजे धूळ.”

“धूळ मी पुसते रोज. मला शिकवू नका.” मग त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं की घारूकाकांना तिकडे बघवेना. “दोन वर्षं तिला कूस बदलता येत नव्हती हो. आपण बदलायचो. आता आपली आपण सरकते म्हणजे... बरं वाटत असेल तिला.”

घारूकाकांनाही तेच वाटलं होतं. भिंगात ती उडी दिसली तेव्हा भीतीच्या आधी, पापणी लवेल एवढा वेळ, त्यांना आनंद झाला होता. जे हललं ते सापडलं.

मात्र ती खिडकीकडे सरकत होती. खुर्ची दुसऱ्या बाजूला होती.

५

ढग निवळले आणि बाईंची तिसरी काच आली. घारूकाकांनी भिंगात पाहिलं, ठिपका नेमका हवा तिथे होता. बाईंनी टाळी वाजवली. काळोख्याने अंधारखोलीचं दार उघडं टाकून बाहेर यायचा प्रमाद केला. सगळ्यांना चहा मिळाला.

“केवढा दूर!” बाई पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. “एक फेरी पुरी करायला हजारो वर्षं लागतील त्याला. मोठ्ठी लांबट वाट. आता आपल्या बाजूला येतोय तो काही वर्षं, जेवढा येतो तेवढा. मग पुन्हा दूर अंधारात.”

“पण चालतोय तर खरा,” घारूकाका म्हणाले. “थोडा का होईना.”

“छे हो! गंमत तीच तर आहे. तो एवढा दूर आहे की तो जवळजवळ जागच्या जागीच आहे. ही जी उडी दिसते ना, ती त्याची नाही. आपली आहे. आपण पृथ्वीवर बसून चाललोय, म्हणून तो मागे सरकल्यासारखा दिसतो.”

घारूकाकांना हे माहीत नव्हतं असं नाही. वेधशाळेत शिपायालाही ते पाठ असतं. पण माहीत असणं आणि अंगावर येणं यांत फरक आहे. त्यांनी कप खाली ठेवला.

“मग तो असाच मागे पडत जाणार?”

“नाही, सहा महिन्यांनी उलटा सरकताना दिसेल. आपणच वळलेले असतो ना!”

“पृथ्वी वळते,” घारूकाका म्हणाले.

“हो मग. सूर्याला बांधलेली आहे ती.”

घारूकाकांना विचारायचं होतं, घर कशाला बांधलेलं असतं? पण हा प्रश्न मोठ्या बाईंच्या खात्यातला नव्हता.

खोलीची तिसरी काच त्यांनी आदल्याच दिवशी घेतली होती. तीत तर भिंगाचीही गरज नव्हती. खळगा गादीच्या कडेला, भिंतीला भिडला होता. भिडला होता म्हणजे अर्धाच उरला होता. पाठीकडची बाजू जिथे असायला हवी तिथे भिंत होती.

चहापान आटोपून सगळे पांगले. घारूकाकांनी पहिली आणि तिसरी काच खटक्यात बसवली, भिंती जुळवायला हात उचलला, आणि तो तसाच थांबला. आजवर त्यांनी कधी न केलेली गोष्ट त्यांनी केली. भिंती सोडून दिल्या. चाकाचा दांडा फिरवत फिरवत त्यांनी खळग्यावर खळगा आणला, उशीवरच्या खाचेवर खाच. खळगा जुळला आणि बाकीची खोली सुटली.

खट्.

घर हललं. पलंग, खुर्ची, चौकट, चारही भिंती, सगळं एकदम एका बाजूला गेलं आणि परत आलं. गेलं आणि परत आलं. रुळांवरून निघालेल्या डब्यासारखं. त्या सगळ्या धावपळीत खळगा तेवढा शांत होता. आणि उभ्या हयातीत जी नजर हलणारं टिपायला शिकली होती, ती पहिल्यांदाच न हललेल्या वस्तूवर स्थिरावली.

खळगा एकटा नव्हता. इतके दिवस जे उन्हाचे कवडसे, पडद्याच्या सावल्या, काचेवरचे डाग म्हणून त्यांनी सोडून दिलं होतं, त्यातलं काही घराबरोबर हलत होतं आणि काही हलत नव्हतं. जे हलत नव्हतं ते खळग्याच्या वर होतं. खांद्यासारखा उतार. केसांसारखं काही. चेहरा दिसला नाही. चेहऱ्याच्या जागचा जो भाग होता तो उजेडात विरला होता, आणि याबद्दल घारूकाकांनी पुढे अनेकदा देवाचे आभार मानले.

हात मात्र दिसला. उजवा. गादीवरून पुढे आलेला, हवेत, खुर्चीच्या हाताच्या उंचीवर, बोटं किंचित वाकलेली. पहिल्या काचेत खुर्ची त्या बोटांपासून थोडी लांब होती. तिसऱ्या काचेत आणखी लांब.

खट्, खुर्ची जवळ. खट्, खुर्ची लांब. हात जागच्या जागी.

मी कुठे जातेय, असं ती म्हणाली होती. तिने शब्द पाळला होता. निघून जाणारे दुसरेच कुणीतरी होते.

६

घरी आल्यावर त्यांनी काकूंना हाताबद्दल सांगितलं नाही. बाकीचं सांगितलं. ती सरकत नाही, आपण सरकतोय. हे घर, या भिंती, तू, मी, ही आमटी. मेव्हणीकडे गेलो तरी तिच्यापासून लांब जाऊ, इथे राहिलो तरी जाऊ. इथे राहणं म्हणजे तिच्याजवळ राहणं, हा हिशेबच चुकला. भिंती जुळवायची सवय, म्हणून भिंती जागच्या वाटल्या.

काकूंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, आणि तो मोठ्या बाईंनाही सुचला नसता.

“म्हणजे आता ती भिंतीतून बाहेर निघेल?”

“ती नाही निघणार. भिंत पुढे जाईल.”

“तेच ते. मग ती उघड्यावर पडेल.”

काकू उठल्या, मागच्या दाराने बाहेर गेल्या आणि पिटूच्या खिडकीखाली जाऊन उभ्या राहिल्या. तिथे थोडं गवत होतं, पुढे मेंदीचं कुंपण, मग बोळ, आणि बोळापलीकडे जुन्या बैठ्या घरांची ओळ. काकूंनी भिंतीला पाठ लावली आणि एक डोळा मिटून समोर बघितलं. घारूकाकांबरोबर एवढा संसार केल्यावर नेम धरणं त्यांनाही येत होतं.

“ते निळ्या दाराचं घर कुणाचं?”

“माहीत नाही. रिकामं दिसतंय.”

“विचारा,” काकू म्हणाल्या. “पुढची खोली हवी, म्हणावं. मागची नको.”

“आणि बहिणीकडे जायचं होतं ते?”

“तिला काय, ती धडधाकट आहे.”

७

निवृत्तीचा समारंभ रीतीप्रमाणे झाला. मोठ्या बाई बोलताना रडल्या. काळोख्याने भाषण करायचं कबूल केलं होतं, पण ऐनवेळी तो उजेडात उभं राहायला तयार होईना. निघताना त्याने घारूकाकांना हळूच बाजूला घेतलं.

“त्या काचा,” तो म्हणाला. “धुताना मी पाहिल्या होत्या. तिसऱ्यांदा पण होतं ना?”

“होतं.”

काळोख्याने मान हलवली. “मग टाळी वाजवायची की नाही, हे काही मला कळेना,” तो म्हणाला, आणि आत जाऊन त्याने दार लावून घेतलं.

निळ्या दाराचं घर भाड्याने मिळालं. ओल होती, छप्पर ठेंगणं होतं, आणि मेव्हणीने फोनवर बहिणीच्या अकलेचं जे काही वर्णन केलं ते बोळात ऐकू गेलं. काकूंनी पुढच्या खोलीत, क्वार्टरकडच्या भिंतीला लावून, पिटूचा पलंग मांडला. उंची तीच यावी म्हणून पायांखाली विटांचे तुकडे घातले. क्वार्टरच्या खिडकीपासून कुंपणापर्यंत, कुंपणापासून बोळापर्यंत, बोळातून या भिंतीपर्यंत यायला काही वर्षं लागणार होती. मग काही महिने ती या पलंगावर असेल. मग दुसऱ्या भिंतीतून पलीकडे. त्यापुढे मोकळं माळरान होतं, आणि घर वळणार आहे की नाही हे सांगणारी वेधशाळा अजून कुणी बांधलेली नव्हती.

“तोवर आपण असू का?” घारूकाकांनी विचारलं.

“नसायला काय झालंय? लवकर जेवा आणि लवकर निजा.”

रोज संध्याकाळी घारूकाका वेताची खुर्ची घेऊन बोळ ओलांडत आणि क्वार्टरच्या मागच्या गवतात बसत. तिथे आता एक नवं कुटुंब आलं होतं. त्यांनी पहिल्यांदा हरकत घेतली, मग म्हातारा निरुपद्रवी दिसला म्हणून सोडून दिलं. घारूकाका अंदाजाने बसत. कुठे नेमकं बसायचं हे त्यांना कळत नसे. तिथे काहीच नव्हतं, हवा होती. उजेड असेपर्यंत ते बसत आणि मग खुर्ची उचलून घरी येत.

एके दिवशी काकू चहा घेऊन तिथे आल्या. त्यांनी कप गवतावर ठेवला, घारूकाकांकडे पाहिलं आणि कपाळाला आठी घातली.

“उठा जरा.”

“का?”

“खुर्ची फार लांब घेतलीत. एवढी जवळ घ्या.” त्यांनी स्वतःच खुर्ची ओढली, थोडी वळवली, पुन्हा थोडी मागे घेतली, अगदी भिंगातले तारे जुळवावेत तशी. “हं. आता बसा. आणि तुमचा हात असा खुर्चीच्या हातावर ठेवू नका, तिला जागा सोडा. तिचा हात पुढेच आहे.”

घारूकाका बसले. हाताबद्दल त्यांनी काकूंना कधीच सांगितलं नव्हतं. काचा त्यांनी कुलपात ठेवल्या होत्या, आणि काकूंनी खटक्या जन्मात पाहिला नव्हता.

“तुला कसं माहीत?”

काकू गवतावर बसल्या. त्यांनी चहाच्या कपावर बशी झाकली.

“एक चादर घालायला इतका वेळ लागतो का हो?” त्या म्हणाल्या. “रोज सकाळी तिचा हात धरून बसत होते मी. हातच तेवढा लागायचा, खळगा तुमचाच वाटायचा.”

नव्या कुटुंबाच्या स्वयंपाकघरात भांडी वाजत होती. मागे क्वार्टरची भिंत होती, समोर बोळ, आणि बोळापलीकडे निळं दार, दिसायला सगळं जागच्या जागी. घारूकाकांनी खुर्चीच्या मोकळ्या हाताकडे बघितलं, पण तिकडे आपला हात न्यायचं त्यांना धैर्य होईना.

“गार असतो का?” त्यांनी शेवटी विचारलं.

“नाही हो,” काकू म्हणाल्या. “गार नसतो. लांब असतो.”